चमत्कार : शब्द आणि आशय

चमत्कार म्हटला की आपल्याला दैवी शक्ती आठवते. संस्कृत साहित्यशास्त्रात मात्र हा शब्द रसिकाच्या आनंदासाठी येतो. सतराव्या शतकातील जगन्नाथ पंडिताने काव्यानंदाच्या लोकोत्तरपणालाच चमत्कार म्हटले. म्हणजे चमत्कार घटनेत नव्हे, अनुभवणाऱ्याच्या मनात! मराठीत तर 'चमत्कारिक माणूस' म्हणजे नुसता विचित्र.

२१ सप्टेंबर १९९५ रोजी नाशिकसह देशभर गणेशमूर्तींना दूध पाजायला रांगा लागल्या. पृष्ठताणामुळे चमच्यातले दूध मूर्तीकडे ओढले जाई व पातळ थराने खाली ओघळे. २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणे गुन्हा आहे.

वर्गात आपण विस्मय जरूर जपावा. पण त्यापाठोपाठ 'हे कसे घडले?' हा प्रश्नही यावा.