जळालेल्या बेटांवरची वस्ती

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ला बंदरापासून पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे, सुमारे १५ किलोमीटर अंतरावर भर समुद्रात खडकांचा एक समूह उभा आहे. नकाशांत त्याला ‘वेंगुर्ला रॉक्स’ म्हणतात. किनाऱ्यावरची माणसे ‘निवती रॉक’ म्हणून तो दाखवितात. गोव्याच्या उत्तरेचे हे दर्यावरचे खडक पोर्तुगीज खलाशांना ‘जळालेली बेटे’ वाटले आणि इंग्रज नाविकांनी त्याच नावाचे भाषांतर करून ते पुढे चालविले. उघडे काळपट दगड, त्यांवर पक्ष्यांच्या विष्ठेचे पांढरे ओघळ, पावसाळ्यात उगवणारे आणि उन्हात करपणारे थोडेसे गवत. नांगर चालेल अशी जमीन नाही, गाव नाही, देऊळ नाही, चर्च नाही. एका खडकावर दीपगृह आहे, एवढीच काय ती माणसाची खूण.

अशा ठिकाणाला इतिहास असतो काय, असा प्रश्न कोणीही विचारील. आपण इतिहास लिहितो तो बंदरांचा, किल्ल्यांचा आणि राजवटींचा. वेंगुर्ल्याला तसा इतिहास भरपूर आहे. १५१० साली गोवा पोर्तुगिजांच्या हाती गेल्यानंतर त्याच्या उत्तरेकडील प्रत्येक बंदराला नवे महत्त्व आले. १६३७ साली डचांनी विजापूरच्या आदिलशहाच्या मुलखात, वेंगुर्ल्यात, आपली वखार घातली. गोव्याच्या तोंडाशी आरमार उभे करून पोर्तुगिजांची नाकेबंदी करणाऱ्या डचांना इतक्या जवळचे ठाणे मोलाचेच होते. त्या वखारीच्या पडक्या भिंती वेंगुर्ल्यात आजही दिसतात. पुढे १८१२ साली हे बंदर सावंतवाडी संस्थानाकडून इंग्रजांकडे आले, आणि आंबोली घाटातून बेळगावकडे जाणाऱ्या रस्त्यामुळे माल व माणसे यांची वर्दळ वाढली. या साऱ्या कथेत समोरच्या खडकांचा उल्लेख येतो तो केवळ धोका म्हणून. जहाजाने त्यांच्यापासून दूर राहावे, एवढ्यासाठीच त्यांची नोंद व्हायची, आणि एवढ्यासाठीच तेथे दिवा लागला.

खडकांकडे खडक म्हणून नव्हे, तर घर म्हणून पाहणारी माणसे बरीच उशिरा आली. त्यांतले एक ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. १८८५ साली स्थापन झालेल्या राष्ट्रसभेचे एक संस्थापक म्हणून आपण त्यांना शाळेच्या पुस्तकातून ओळखतो. परंतु भारतातील पक्ष्यांचा अभ्यास हाच त्यांच्या आयुष्याचा मोठा ध्यास होता. १८७५ साली पश्चिम किनारा आणि लक्षद्वीप यांच्या सफरीत ते या खडकांवर उतरले. महिना फेब्रुवारीचा होता. सुरय पक्ष्यांचा मोसम नव्हता, पण त्यांच्या आधीच्या विणीच्या खुणा मात्र होत्या. पुढे १९४० नंतरच्या दोन-तीन वर्षांत हुमायून अब्दुलअली यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात येथील सुरय आणि पाकोळ्या यांच्यावर लेख लिहिले. या दोघांच्या लेखनामुळे हे निर्जन खडक पक्षिशास्त्राच्या ग्रंथांत जाऊन बसले.

त्यांनी पाहिलेल्या या वस्तीची थोडी ओळख करून घेऊ.

येथल्या सुरयांपैकी एका जातीची पाठ गडद राखी, पोट पांढरे आणि डोळ्यावरून मागे जाणारा पांढरा पट्टा असतो. वर्षाचा बराच काळ हा पक्षी खुल्या समुद्रावर काढतो. जमिनीला पाय लावतो तो मुख्यतः विणीसाठी. खडकाच्या कपारीत मादी एकच अंडे घालते आणि नर-मादी आळीपाळीने ते उबवितात. एका मोसमात एकच अंडे, म्हणून एक अंडे फुटणे म्हणजे त्या जोडप्याचे बहुधा सारे वर्ष वाया जाणे होय. पावसाळी वादळात हेच पक्षी थकून मुंबईच्या किनाऱ्यावर, कधी आतल्या भागातही येऊन पडतात.

दुसरी रहिवासी म्हणजे पाकोळी. चिमणीहून लहान, रंगाने धुरकट. तिचे पाय इतके दुबळे की तिला फांदीवर बसता येत नाही. उभ्या भिंतीला धरून लटकणे तेवढे तिला जमते. दिवसभर हवेत किडे टिपून ती समुद्राकाठच्या गुहेत परतते. मिट्ट काळोखात ती ‘टक्-टक्’ असा आवाज करते आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट काढते. वटवाघळाचा असा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. पाकोळीचा मात्र ऐकू येतो. गुहेच्या भिंतीला ती अर्ध्या वाटीच्या आकाराचे घरटे चिकटविते, तेही स्वतःच्या लाळेने, पिसे त्यात मिसळून. त्यात दोन पांढरी अंडी असतात.

ही लाळच तिच्या मुळावर उठली. पूर्व आशियात पाकोळीच्या घरट्यांचे सूप श्रीमंतांच्या मेजवानीचा पदार्थ आहे आणि घरट्याला भारी किंमत येते. भिंतीवरून घरटे खरवडले की आतली अंडी-पिल्ले जातात. पाकोळी पुन्हा लाळ गाळून नवे घरटे बांधू लागते, आणि तेही खरवडले जाते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांच्या घरट्यांना व अंड्यांना उपद्रव देणे ही शिकारच मानली आहे. परंतु जेथे शेजारी नाही तेथे साक्षीदार कोठून येणार? २००१च्या सुमारास चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने ही चोरी उजेडात आणली आणि वनखात्याच्या साहाय्याने या गुहांच्या रक्षणाचे काम हाती घेतले.

या ठिकाणी ‘निर्जन’ या शब्दाचा आपण फेरविचार करावा, असे आम्हांस वाटते. माणूस राहत नव्हता म्हणून शतकानुशतके सुरयांची अंडी आणि पाकोळ्यांच्या गुहा सुखरूप राहिल्या. पण माणूस राहत नव्हता म्हणूनच चोराला तेथे कोणी हटकले नाही. तेच निर्जनपण आधी कवच होते आणि मग संकट झाले. बेटावर कोणी नाही हे म्हणणेही पुरते खरे नाही. तेथे कोणी माणूस नाही, एवढेच खरे.

वाशी, नेरूळ, बेलापूर येथील आपल्या धर्मग्रामांत राहणाऱ्यांना हे समजणे अवघड नाही. ठाणे खाडीच्या चिखलात हिवाळ्यात येणारे रोहित पक्षी आपण घराच्या खिडकीतून पाहिले आहेत. ती खाडी २०१५ साली अभयारण्य झाली, २०२२ साली रामसर स्थळांच्या यादीत गेली. आणि पाणथळीवर भराव पडू लागला की बोलणारे नागरिक येथे उभे राहतात. रोहितांना शेजारी आहेत. वेंगुर्ल्याच्या पाकोळीला ते नाहीत.

आता तेथली वर्दळ वाढणार आहे. नौदलातून २०२४ साली निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही युद्धनौका निवती रॉकजवळ समुद्रतळाशी ठेवून पाण्याखालचे संग्रहालय करण्याचा शासनाचा प्रकल्प २०२५ साली हाती घेण्यात आला. त्यातून किनाऱ्यावरच्या तरुणांना रोजगार मिळावा, ही इच्छा रास्तच आहे. पोटासाठी गाव सोडून नवी मुंबईत आलेल्या कुटुंबांना तिचे मोल वेगळे सांगावयास नको. मात्र होड्या वाढतील तेव्हा विणीच्या काळात खडकांवर कोणी उतरू नये, गुहेच्या तोंडाशी गोंगाट होऊ नये, एवढी शिस्त त्या व्यवहारातच बसविली पाहिजे. सुट्टीत गावी जाणाऱ्या आपल्या मुलांनी नावाड्याला दुरूनच बेट दाखवायला सांगितले, तर तेवढ्यानेही ती शिस्त रुजू लागेल. आजवर या खडकांना शेजारी नव्हते. आता जे तेथे जातील, त्यांनाच शेजारी व्हावे लागेल.