ख्रिस्ती धर्मातील अपरिग्रह : स्वर्गीय धन आणि संसाराचा हिशेब

ख्रिस्ती जीवनदृष्टीत धन हे स्वतः पाप मानलेले नाही. धनावर टाकलेली भिस्त मात्र घातक मानली आहे. मत्तयच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशूने पृथ्वीवरील संचय आणि स्वर्गातील संचय यांत भेद केला आहे. पहिल्याला कीड, गंज आणि चोर यांचे भय असते. दुसऱ्याला ते नसते. श्रद्धा, क्षमा, दया आणि ईश्वराशी जडलेले नाते हे ते दुसरे धन होय.

मात्र त्याग किती करावा, याचे एकच माप शुभवर्तमानांत सापडत नाही. श्रीमंत तरुणाला येशू सर्वस्व विकून गोरगरिबांना देण्यास सांगतो. दुसरीकडे, अर्धी मालमत्ता देऊ करणाऱ्या जक्कय या जकातदाराचाही तो स्वीकार करतो. मंदिराच्या दानपेटीत दोन क्षुल्लक नाणी टाकणाऱ्या विधवेचे दान तो धनिकांच्या दानाहून मोठे ठरवतो. कारण त्यांनी विपुलतेतून दिले, तिने उपजीविकाच दिली.

या शिकवणीचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे इटलीतील असिसीचे संत फ्रान्सिस. कापडाच्या सधन व्यापाऱ्याच्या या मुलाने पित्याचे कापड विकून आलेले पैसे पडक्या चर्चच्या दुरुस्तीसाठी देऊ केले. पित्याने दाद मागताच, १२०६ च्या सुमारास, त्याने बिशपसमोर पैशांबरोबरच अंगावरचे कपडेही परत केले. १२२३ मध्ये पोप तिसरे होनोरियस यांनी मान्यता दिलेल्या नियमावलीत त्यांच्या बंधूंना पैसा स्वतः किंवा मध्यस्थामार्फत स्वीकारण्यास मनाई होती. श्रमाच्या मोबदल्यात गरजेच्या वस्तू घेण्यास मुभा होती.

फ्रान्सिस यांचे निधन १२२६ मध्ये झाले. अवघ्या दोन वर्षांत असिसीत त्यांच्या नावाने भव्य बॅसिलिकेचे बांधकाम सुरू झाले. संघ वाढला तशी घरे, ग्रंथ, अन्नधान्य यांची व्यवस्था आवश्यक झाली. १२३० मध्ये पोप नववे ग्रेगरी यांनी बंधूंच्या गरजांसाठी इतरांनी पैसा सांभाळण्याची वाट मोकळी केली. पुढे संघाच्या वापरातील वस्तूंची मालकी पोपपीठाकडे असल्याचे मानले गेले. पोप बाविसावे जॉन यांनी १३२२ मध्ये ही मालकी नाकारली. ख्रिस्त व प्रेषितांच्या मालकीचे काहीही नव्हते, हे मत त्यांनी १३२३ मध्ये पाखंडी ठरवले. दारिद्र्याच्या व्रतावरून पोप आणि संघ यांच्यात तीव्र संघर्ष झाला. मालकी कागदावरून पुसली तरी वस्तू कोणीतरी सांभाळावीच लागते, हा त्यातील अवघड प्रश्न होता.

हाच प्रश्न महाराष्ट्रात एका संसाराच्या उंबरठ्यावर उभा राहिला. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. अनेक वर्षे अमेरिकन मराठी मिशनचे काम केल्यानंतर १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान होते. १९१९ मध्ये टिळकांचे निधन झाले.

टिळकांच्या निरिच्छपणाची दुसरी बाजू लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात दिसते. पतीची पैशाविषयीची बेफिकिरी त्या विनोदाने आणि मायेने रंगवतात. पण त्या बेफिकिरीची झळ घर चालवणाऱ्या बाईला कशी लागत असे, हेही लपवत नाहीत. त्यागाचा मान एकाला मिळतो आणि त्याचा भार पुष्कळदा दुसऱ्यावर पडतो, हे त्या पानांतून उमगते.

तेराव्या शतकातील तत्त्वज्ञ संत थॉमस अक्वायनस यांनी दारिद्र्य हे पूर्णत्व नव्हे, तर पूर्णत्वाचे साधन आहे, असे प्रतिपादन केले होते. रिकामे हात म्हणजे आध्यात्मिक संपत्ती नव्हे. ज्या प्रेमासाठी हात रिकामे केले, ते प्रेम घरातल्या माणसापर्यंत पोहोचले की नाही, हीच त्या संपत्तीची खरी कसोटी ठरते.