चिनी धर्तीची युरोपीय नक्षीचित्रे

चिनी मातीची भांडी, लाखकाम व रेशीम यांच्यावरून स्फुरलेली, ताम्रपटावर कोरून कागदावर छापलेली युरोपीय मुद्राचित्रे. त्यांची सुरुवात सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातली. बहर मात्र अठराव्या शतकाच्या मध्यावरचा, रोकोको शैलीच्या काळातला.

डच शिष्टमंडळाबरोबर पीकिंगला जाऊन आलेल्या योहान न्यूहोफचा सचित्र वृत्तांत १६६५ मध्ये निघाला. त्यातले मनोरे, छत्र्या आणि पोशाख युरोपीय आरेखकांना कित्येक दशके पुरले. फ्रेंच चित्रकार आंत्वान वातो याने ला म्युएतच्या हवेलीत चिनी पात्रे रंगवली होती. ती सजावट नष्ट झाली. तिची ओळख मुख्यतः १७३१ च्या मुद्राचित्रांतून होते. त्यांतली काही तरुण फ्रांस्वा बूशेने कोरली.

या प्रकारातला सर्वांत कल्पक कलावंत म्हणजे लीआंचा झां पियमां (१७२८–१८०८). चीन त्याने पाहिलाच नव्हता. त्याच्या चित्रांत वेलीच्या बारीक देठावर माणूस तोल सावरत उभा असतो, डोक्यावर छत्रीएवढे फूल असते आणि कललेल्या मंडपाच्या वळचणीला घंटा लोंबतात. ही फुले कुठल्याच बागेत उगवत नाहीत. याला चीनची चुकीची नक्कल म्हणणे अन्यायाचे आहे. ती स्वतंत्र निर्मिती आहे. १७५५ मध्ये लंडनला त्याचे चिनी नक्षीचे पुस्तक निघाले. पुढे त्याची पत्नी ॲन ॲलन हिने ताम्रपटावर कापडाच्या बोळ्याने निरनिराळे रंग भरून त्याच्या रचना रंगीत छापल्या.

ही चित्रे भिंतीवर टांगण्यासाठी नव्हती. रेशीम विणणारे, छिटे छापणारे, भांडी रंगवणारे ती नमुना म्हणून समोर ठेवत. रॉबर्ट सेअरने लंडनमध्ये काढलेल्या 'द लेडीज अम्यूझमेंट' या संग्रहात पियमांच्याही रचना आहेत. हौशी स्त्रिया त्यातली चित्रे रंगवून कापत, पेटीवर चिकटवत आणि वर रोगणाचे थर देत. चिनी व हिंदी विषयांत कल्पनेला मोकळीक आहे, फुलपाखराने हत्ती पेलला तरी चालेल, असा सल्लाही त्यात दिलेला आहे. वूस्टर व लिव्हरपूलच्या कारागिरांनी अशा रचना छापून चिनी मातीवर आणि फरशांवर उतरवल्या.

वापरता वापरताच बरीच पाने संपली. उरलेल्यांपैकी पियमांची मुद्राचित्रे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत.