गावाचं आरोग्य मोजायचं कसं? एका आकड्याची गोष्ट

तुमच्या गावात गेल्या वर्षी किती बाळं जन्मली आणि त्यांतली किती वर्षाच्या आत दगावली? शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर विचारून पाहा, नेमका आकडा क्वचितच मिळेल. तो का हवा, हे गडचिरोलीच्या अनुभवावरून समजतं.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तिथे ‘सर्च’ संस्था सुरू केली आणि गावोगावी जन्म-मृत्यूंची स्वतंत्र नोंद ठेवली. १९८८ मध्ये दर हजार जन्मांमागे १२१ बाळं वर्षाच्या आत जात होती. या दराला ‘बालमृत्युदर’ म्हणतात. कारणं शोधली, तेव्हा न्यूमोनिया हे मोठं कारण निघालं. मग गावातल्याच माणसांना बाळाचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवलं. मृत्यू घटले.

पण मोजणी थांबली नाही. उरलेले बहुतेक मृत्यू पहिल्या २८ दिवसांतले आहेत, हे त्यातूनच दिसलं. म्हणून ३९ गावांत आरोग्यदूत घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेऊ लागल्या. तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाला होता. १९९९ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. बाळंतपणानंतर आशाताई तुमच्या घरी येते, बाळाचं वजन-तापमान पाहते, ती देशभरची योजना २०११ मध्ये याच पायावर उभी राहिली.

हे फक्त गडचिरोलीपुरतं होतं का? २००१ मध्ये महाराष्ट्रातल्या १३ संस्थांनी आपापल्या भागात मोजणी करून ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल मांडला. सरकारी नोंदींतून कितीतरी बालमृत्यू गळत होते, हे त्यातून पुढे आलं.

आपल्याकडे गळती कुठे होते? दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. भट्टीवर बाळ जन्मलं किंवा दगावलं, तर नोंद ना इथे, ना तिथे. जो मृत्यू कागदावर नाही, त्याचं कारण कोणी शोधत नाही.

म्हणून एवढं करा. जन्म असो वा मृत्यू, २१ दिवसांच्या आत, जिथे घडला तिथल्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नोंदवा. बाळ दोन दिवस जगलं असलं, तरी दोन्ही नोंदी करा. स्थलांतराला निघताना घरात गरोदर बाई किंवा तान्हं बाळ असेल, तर आशाताईला सांगून जा. आणि ग्रामसभेत हा आकडा दरवर्षी विचारा.