ब्रेल-वाचनशिक्षण (मराठी)

दृष्टिहीन बालकास जाड कागदावर उठविलेल्या टिंबांच्या साहाय्याने मराठी वाचावयास व लिहावयास शिकविण्याची पद्धती. या पद्धतीत वापरली जाणारी लिपी ‘भारती ब्रेल’ या नावाने ओळखली जाते. परंतु ती केवळ देवनागरीचे स्पर्शगम्य रूप आहे, असा जो समज सामान्य शाळांतील अध्यापकवर्गात रूढ आहे, तो यथार्थ नाही, आणि या विषयातील बहुतेक अडचणींचे मूळ त्या समजातच सापडते.

मूळ लिपीचा कर्ता लुई ब्रेल (१८०९–१८५२) हा पॅरिसजवळील कूव्रे या गावी घोड्यांचे साज शिवणाऱ्या कारागिराच्या घरी जन्मला व वयाच्या तिसऱ्या वर्षी बापाच्या कारखान्यातील हत्याराने इजा होऊन अंध झाला. पॅरिसच्या अंधशाळेत त्या काळी नेहमीचीच रोमन अक्षरे कागदावर मोठी उठवून वाचावयास देत. डोळसांस सोयीची, पण बोटास दुर्बोध. शार्ल बार्बिए नामक लष्करी अधिकाऱ्याने बारा टिंबांची, उच्चारानुसारी संकेतलिपी त्या शाळेपुढे मांडली, तेव्हा ब्रेलने तीतील टिंबे सहांवर आणून एक घर बोटाच्या एका पेराखाली मावेल असे केले, उच्चाराऐवजी वर्णलेखन स्वीकारले, आणि १८२९ मध्ये आपली पद्धती प्रसिद्ध केली. डाव्या स्तंभात वरून खाली १, २, ३ व उजव्या स्तंभात ४, ५, ६ अशी टिंबे असून त्यांपासून त्रेसष्ट आकृती सिद्ध होतात.

हिंदुस्थानात अंधांची पहिली शाळा १८८७ मध्ये अमृतसर येथे निघाली. मुंबईत अमेरिकन मिशनच्या अ‍ॅना मिलर्ड यांनी १९०० मध्ये शाळा काढली, व त्यानंतर दोनच वर्षांनी व्हिक्टोरिया मेमोरियल ही शाळा सुरू झाली. लिपीच्या बाबतीत मात्र प्रत्येक प्रांताचा कारभार निराळा होता, आणि स्वातंत्र्याच्या वेळी देशात अकरा निरनिराळ्या ब्रेल पद्धती चालू होत्या. एका शाळेत छापलेले पुस्तक दुसऱ्या शाळेतील मुलाच्या बोटास परके वाटावे, अशी ही अनवस्था होती. १९५१ मध्ये सर्व प्रमुख भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल मुक्रर झाली. एकाच ध्वनीस सर्व भाषांत एकच आकृती, आणि शक्य तेथे ती आंतरराष्ट्रीय रोमन ब्रेलशी जुळणारी, हे तिचे सूत्र. म्हणून ‘क’ म्हणजे इंग्रजीतील के, ‘म’ म्हणजे एम.

या लिपीत काना, मात्रा, वेलांटी व उकार यांस स्वतंत्र चिन्हे नाहीत. व्यंजनापुढे स्वर येतो तो पूर्ण स्वराच्याच आकृतीने, व उच्चाराच्या क्रमाने. ‘मिठी’ हा शब्द म, इ, ठ, ई असा चार घरांत लिहिला जातो. छापील मजकुरात ‘म’च्या आधी येऊन बसणारी पहिली वेलांटी येथे आपल्या न्याय्य जागी, ‘म’च्या मागून येते. जोडाक्षरात ज्या व्यंजनाचा पाय मोडावयाचा त्याच्या आधी ४ क्रमांकाचे एकटे टिंब पडते, आणि त्यामुळे ‘सूर्य’ या शब्दात डोक्यावर चढणारा, ‘चक्र’ या शब्दात पायाशी तिरका होणारा व ‘राष्ट्र’ या शब्दात खाली काकपदासारखा लटकणारा, अशी डोळस मुलास वर्षभर छळणारी ‘र’ची नाना रूपे अंध मुलाच्या बोटाखाली एकरूप होतात. (या एका बाबतीत तरी त्याची स्थिती हेवा करण्यासारखी आहे.) उलटपक्षी ‘मऊ’ लिहिताना म आणि ऊ यांमध्ये ‘अ’ घालावा लागतो, नाही तर तो शब्द ‘मू’ असा वाचला जातो. यास्तव फळ्यावरील बाराखडी, ‘क ला काना का’ या घोषासह, जशीच्या तशी अंध मुलास पाठ करावयास लावणे म्हणजे जी चिन्हे त्याच्या लिपीत अस्तित्वातच नाहीत त्यांची नावे त्याच्या माथी मारणे होय. त्याचे पहिले पुस्तक मुळापासून निराळे रचले पाहिजे. डोळसांच्या पाठ्यपुस्तकाचे लिप्यंतर त्या कामास पुरत नाही.

अक्षरांपूर्वी स्पर्शाची तयारी येते. तांदूळ, गहू व मूग निवडणे, कापडाची शिवण बोटाने चाचपीत शेवटपर्यंत जाणे, अशा साध्या उद्योगांनी बोटास सूक्ष्म भेद कळू लागतात. वाचताना बोट हलके, आडवे व अखंड सरकावे. टिंबे दाबून किंवा वरखाली घासून ओळखण्याची सवय एकदा जडली की ती पुढे सुटता सुटत नाही. कुशल वाचकाचा उजवा हात ओळ संपवीत असता डावा पुढील ओळीचा आरंभ शोधून ठेवतो. चुकांचे स्वरूपही डोळसांहून भिन्न असते. ‘इ’ (२-४) आणि ‘ई’ (३-५) यांची आकृती एकच असून ती केवळ एक पायरी खाली उतरते, आणि ‘ज’ (२-४-५) व ‘झ’ (३-५-६) यांचेही तसेच आहे. मराठीत ऱ्हस्व-दीर्घाचा घोटाळा आधीच पुष्कळ असल्याने, मुलाची चूक शुद्धलेखनाची की बोटाची, हे शिक्षकास शेजारी दुसरे अक्षर देऊन पारखावे लागते.

लेखनात आणखी एक गुंता आहे. पाटीत कागद अडकवून टोकदार स्टायलसने टिंबे मागील बाजूने पाडावयाची असल्याने उजवीकडून डावीकडे, आरशातल्याप्रमाणे उलट लिहावे लागते. तेथे विसर पडल्यास ‘इ’चा ‘ए’ व ‘ज’चा ‘ह’ होतो, आणि ‘जात’ लिहिणाऱ्याच्या हातून ‘हात’ उतरतो. सहा कळांचे पर्किन्स यंत्र १९५१ मध्ये आले, त्यात ही अडचण उरली नाही, कारण लिहिलेले तत्काळ सुलटे वाचता येते. परंतु ते वजनदार व महाग असल्याने आपल्याकडे पाटीचा अंमल अद्याप उठलेला नाही.

ध्वनिमुद्रित पुस्तकांचा प्रसार झाल्यापासून ब्रेलची निकड संपली, असे मत अधूनमधून ऐकू येते. ऐकण्याने माहिती मिळते यात वाद नाही. तथापि शब्दाची वर्णरचना, परिच्छेदाची मांडणी, विरामचिन्हांचे स्थान या गोष्टी कानास दिसत नाहीत, आणि केवळ श्रवणावर वाढलेल्या विद्यार्थ्याचे लेखन नेमके याच ठिकाणी लंगडे पडते. खरी अडचण पुस्तकांच्या दुर्मिळतेची आहे. जाड कागद व मोठी अक्षरघरे यांमुळे एका मध्यम आकाराच्या कादंबरीचे अनेक खंड होतात. अशा प्रती काढण्यातील स्वामित्वहक्काचा अडसर दूर करणारा मराकेश करार २०१३ मध्ये झाला व त्यास मान्यता देणारे भारत हे पहिले राष्ट्र ठरले. संगणकाला जोडलेल्या पट्टीवर टिंबे आपोआप वर-खाली होऊन आता एकेक ओळ बोटाखाली येते. मात्र तीवर एका वेळी एकच ओळ असल्याने मागील पानावर बोट ठेवून पुढचे पान चाळण्याची सोय अजून कागदाच्या पुस्तकातच आहे.