पाइप, झाळ आणि गाडी

सातारा-सांगलीच्या कारखानदारीचा इतिहास सांगताना बहुधा ओतकामच पुढे येते: किर्लोस्करवाडीचे नांगर, सातारा रोडच्या कूपर कारखान्याची इंजिने. पोलादी पाइप वाकवून आणि जोडून गाडीचा सांगाडा उभा करण्याचे काम त्यात जवळजवळ दिसत नाही. ते मोठ्या कारखान्याच्या नावावर वाढले नाही, दुरुस्तीच्या दुकानांत वाढले. दोन्ही जिल्हे 1949 पर्यंत एकच होते, त्यामुळे त्यांची हकीकतही एकत्रच सांगावी लागते.

या हकीकतीची सुरुवात सायकलीपासून होते. 1885 मध्ये इंग्लंडात आजच्या घडणीची सायकल आली आणि त्याच सुमारास जर्मनीत मानेसमान बंधूंनी बिनजोड नळीची पद्धत शोधली. 1888 मध्ये डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले. त्याच वर्षी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलचे दुकान काढले. पुढे 1910 मध्ये औंध संस्थानात, कुंडलजवळच्या माळावर त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. कारखाना नांगराचा झाला खरा, पण त्याच्या मुळाशी सायकलचे दुकान होते हे विसरले जाते.

त्या काळच्या सायकलच्या फ्रेममध्ये पाइप सहसा पाइपला थेट जोडत नसत. दोन्ही टोके लगमध्ये, म्हणजे सांध्यावरच्या पोकळ पोलादी तुकड्यात, बसवत, टाकणखार लावत आणि सांधा लाल करून पितळ सोडत. पितळ सुमारे 900 अंशांना वितळते, पोलादाला 1500 च्या आसपास उष्णता लागते. त्यामुळे नळी शाबूत राहते आणि पितळ फटीत आपोआप ओढले जाते. फट जास्त झाली की सांधा कच्चा. पुढे कार्बाइडच्या टाकीवरचे गॅस वेल्डिंग आले, मग इलेक्ट्रिक, आणि लग गेला. लगबरोबर सोयही गेली: आता एका पाइपचे तोंड दुसऱ्याच्या गोलाईवर चपखल बसेल असे माशाच्या तोंडासारखे कापावे लागते. नवख्याचे काम इथेच ओळखू येते. तो फट वेल्डिंगने भरून काढतो.

वाकवण्याची विद्या त्याहून नाजूक आहे. पाइप वाकताना बाहेरची बाजू ताणून पातळ होते, आतली दबून सुरकुतते आणि गोल भोक चपटे होते. यावर जुना उपाय वाळूचा. कोरडी, चाळलेली वाळू ठोकून ठोकून भरायची, दोन्ही तोंडांना लाकडी खुंट्या मारायच्या आणि भट्टीत लाल करून साच्यावर ओढायचे. वाळू ओली राहिली तर वाफ होऊन खुंटी गोळीसारखी उडते, म्हणून ती आधी तव्यावर भाजून घेतात. शिवणीचा पाइप असेल तर शिवण बाजूला, म्हणजे ना ताणाकडे ना दाबाकडे, ठेवायची. पाइप थोडा मागे उसळतो, तेव्हा हवा त्यापेक्षा अंश-दोन अंश जास्त वाकवायचा. हायड्रॉलिक बेंडर आला तरी हे हिशेब सुटले नाहीत. फक्त भट्टी गेली.

1975 मध्ये साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्स सुरू झाली आणि प्रिया स्कूटर बाहेर पडू लागली. तिचे अंग पत्र्याचे. पाइप म्हणावा तर पुढच्या चाकाला वळसा घालणारा स्टिअरिंगचा दांडा. पाइपकामाला तिने फारसे दिले नाही. उसाने मात्र दिले. ऊस वाहणाऱ्या टायरच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या दर हंगामाआधी दुरुस्तीला येतात, आणि तडा बहुतेक वेळा वेल्डिंगच्या मण्यात नाही, त्याच्या कडेला जातो.

2007 पासून भारतात बाहा ही विद्यार्थ्यांनी बांधलेल्या खडतर वाटेवरच्या गाड्यांची स्पर्धा होऊ लागली आणि इथल्या अभियांत्रिकी कॉलेजांतल्या मुलांपुढे हेच काम आकड्यांत आले. चालकाभोवतीच्या पिंजऱ्याचा मुख्य पाइप 25 मिमी व्यासाचा, 3 मिमी जाडीचा, किमान 0.18 टक्के कार्बन असलेला हवा, किंवा ताकदीत त्याच्या तोडीचा. म्हणून मुले मोठ्या व्यासाचा, पातळ भिंतीचा क्रोमोली (क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाचा) पाइप घेऊन वजन वाचवतात आणि तो आर्गॉन वेल्डिंगने जोडतात.

2021 च्या डिसेंबरात कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराची, भंगारातून बांधलेली, किक मारून सुरू होणारी जीप देशभर गाजली. खर्च सुमारे 60,000 रुपये. उद्योगपती आनंद महिंद्रांनी कौतुक करतानाच ती नियमांत बसत नाही हेही सांगितले आणि पुढच्या महिन्यात तिच्या बदल्यात बोलेरो दिली. नियम म्हणजे 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 126 वा: उत्पादकाने प्रत्येक नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून घ्यायचा. एकच गाडी बांधणाऱ्या दुकानाला तो खर्च पेलत नाही. नियमांचा फटका आणखी एका कामाला बसला: जीप-कारच्या पुढे लावायचे पाइपचे गार्ड हे बेंडिंगवाल्यांचे हुकमी काम होते. 2017 च्या डिसेंबरात केंद्राने त्यांवर कारवाईचे आदेश दिले, आणि राहिले ते मुख्यतः ट्रॉल्या, कॅरिअर आणि दुरुस्ती.