चालेल हो, पण शू कशी करणार?

डॅशहुंडसारख्या लांब पाठीच्या कुत्र्याच्या मणक्यातली चकती सरकली आणि मागचे पाय लुळे पडले, की घरातले सगळे एकच विचारतात, "हा परत चालेल का?" साहजिक आहे. पण मंडळी, असा कुत्रा जगणार की नाही हे बरेचदा पायांवर नाही, मूत्राशयावर ठरतं.

ही गोष्ट सुरू होते १८७४ साली, स्ट्रासबर्गमध्ये. फ्रीड्रिख गोल्ट्झ या शरीरशास्त्रज्ञाने कुत्र्यांचा मज्जारज्जू मधेच कापला. (आज वाचताना अंगावर काटा येतो, पण तो काळच तसा.) मेंदूशी संबंध तुटूनही त्या कुत्र्यांचं मूत्राशय काही काळाने आपोआप रिकामं होऊ लागलं! आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हरशी कनेक्शन गेलं, तरी लोकल मशीनवरचा प्रोग्रॅम चालूच.

पण तो प्रोग्रॅम अर्धवट असतो. मूत्राशय आवळायचं आणि त्याच क्षणी खालची झडप सैल सोडायची, हा ताळमेळ मेंदू घालतो. इजा कंबरेच्या वर असेल तर झडप घट्टच राहते. मूत्राशय तुडुंब भरतं आणि थेंब थेंब गळतं. मालकाला वाटतं, चला, शू होतेय! प्रत्यक्षात ते धरण भरून सांडव्यावरून पाणी वाहण्यासारखं असतं. इजा खाली, थेट मूत्राशयाच्या नसांना झाली असेल तर सगळंच ढिलं पडतं आणि सतत गळत राहतं. दोन्हीकडे लघवी आत साचते, आणि साचली की जंतुसंसर्ग आलाच.

माणसांचंही हेच होत होतं. पहिल्या महायुद्धात कणा मोडलेले सैनिक बहुतेक करून मरायचे ते मूत्रसंसर्गाने आणि पाठीवरच्या जखमांनी. १९४४ साली इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिलला लुडविग गुटमन यांनी या दोन शत्रूंशीच लढा मांडला, आणि माणसं जगू लागली. पुढे १९७२ मध्ये अमेरिकेत जॅक लॅपिडीस यांनी आणखी धाडसी गोष्ट मांडली: नळी निर्जंतुक नसली, नुसती स्वच्छ असली तरी चालेल, पण मूत्राशय वेळच्या वेळी रिकामं करा. ते ताणलं की त्याच्या भिंतीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि जंतूंचं फावतं.

कुत्र्यांच्या बाबतीतही सूत्र तेच. दिवसातून तीन-चार वेळा पोटावर हाताने हलका, सलग दाब देऊन मूत्राशय रिकामं करायचं. हे डॉक्टरांकडून शिकूनच करावं, कारण झडप घट्ट असताना जोर लावला तर इजा होऊ शकते. तिथे आधी प्राझोसिनसारखं झडप सैल करणारं औषध देतात.

गंमत बघा. २०१२ साली केंब्रिजच्या संशोधकांनी ३४ अपंग पाळीव कुत्र्यांवर प्रयोग केला. काहींच्या कण्यात त्यांच्याच नाकातल्या पेशी सोडल्या. त्यातल्या बऱ्याच कुत्र्यांचे पाय हलायला लागले, पण मूत्राशयावरचा ताबा काही परतला नाही. २०१३ मध्ये मग नसांना वीज देणारं, मुळात माणसांसाठी बनवलेलं यंत्र कुत्र्यांत बसवून लघवी करवता आली. पण ते घरोघरी पोचलेलं नाही.

म्हणजे दीडशे वर्षांनंतरही मुख्य हत्यार आहे घरातल्याच कुणाचा तरी हात आणि घड्याळ. "आता याचं काही होणार नाही, झोपवून टाका" असं कुणी म्हणालं, तर निदान एवढं तरी विचारा: दाब द्यायला मला शिकवाल का?